खोल्या किती बांधायच्या, हे विहिरीला विचारा

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातले मुद्दे आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ऐरोलीला राहता. यजमान येत्या मार्चमध्ये ५८ व्या वर्षी निवृत्त होतील आणि पीएफ-ग्रॅच्युइटीचे साधारण ६२ लाख हाती येतील. तुमची शाळेतली नोकरी अजून दोन वर्षं आहे. कळव्यातला वन बीएचके महिना १४ हजारांनी भाड्याने दिलेला आहे. शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पुढे सासऱ्यांची अडीच एकर जमीन, त्यात जुनं कौलारू घर आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत पाणी असणारी विहीर. तिथे मातीच्या चार कॉटेज, छोटा स्विमिंग पूल आणि रसायनमुक्त भातशेती असा ४८ लाखांचा फार्म स्टे उभारायचा तुमचा बेत आहे. त्यासाठी कळव्याचा फ्लॅट विकावा की ऐरोलीचं घर तारण ठेवून कर्ज घ्यावं, हा तुमचा प्रश्न.

दोन्ही करू नका. फार्म स्टे मात्र जरूर करा: दोन खोल्यांचा, जुन्या घरातच, १४ लाखांच्या आत.

सुरुवात सातबाऱ्यापासून करू, कारण पत्रात तुम्ही तो एका ओळीत उरकलाय आणि माझ्या मते सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. सातबाऱ्यावर यजमान, दीर आणि नणंद अशी तिघांची नावं आहेत. अडीच एकर म्हणजे शंभर गुंठे. वाटप झालं तर यजमानांच्या वाट्याला तेहेतीस गुंठे येतील. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात नोंदणीसाठी किमान एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे जमीन लागते आणि राहण्याच्या खोल्या आठपर्यंत चालतात. म्हणजे भावंडांच्या सहमतीशिवाय तुमची नोंदणीच अडेल. आज सगळे ‘करा की’ म्हणतायत, हे तुम्ही लिहिलंय आणि मला ते खरं वाटतं. पण पुढे त्यांच्या मुलांना हिस्सा हवासा वाटला तर तुमच्या भिंती कोणाच्या जमिनीवर उभ्या आहेत, हा प्रश्न येणारच. नणंदबाईंचा हक्क भावांइतकाच आहे, त्यांना गृहीत धरू नका. तिघांनी बसून वाटणीचा, हक्कसोडीचा किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचा, जो जमेल तो नोंदणीकृत कागद करा. तो होईपर्यंत तिथे एक वीटही लावू नका. त्याच फेरीत गाव तानसा अभयारण्याच्या किंवा पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रात येतं का, हेही तहसील कार्यालय आणि वन खात्याकडून लेखी घ्या.

आता उत्पन्न. महिन्याला वीस रात्री, चारही खोल्या, साडेतीन हजार दर, म्हणून महिना २ लाख ८० हजार असा तुमचा हिशेब आहे. मुंबई-ठाण्याचा पाहुणा शनिवारी येतो आणि रविवारी जेवून निघतो. वर्षाचे बावन्न शनिवार, काही शुक्रवार, जोडून आलेल्या सुट्ट्या, दिवाळी आणि मे महिना धरला तरी खऱ्या अर्थाने विकता येतील अशा रात्री शंभरच्या आसपास. त्यातही सगळ्या खोल्या भरतील असं नाही. पावसाळ्यात हिरवळीसाठी गर्दी होते, पण नेमक्या त्याच दिवसांत धबधब्यांवर जिल्हा प्रशासनाची बंदी लागली की बुकिंग रद्द होतात. साठ टक्के भरणा, म्हणजे त्या रात्रींत शंभरातल्या साठ खोल्या भरलेल्या, धरला तर चार खोल्यांचे वर्षाला ८ लाख ४० हजार होतात. त्यातून पूर्णवेळ राखणदार जोडप्याचा पगार २ लाख ६४ हजार, जेवणखाणाचा खर्च २ लाख १६ हजार, निम्मी बुकिंग ऑनलाइन कंपन्यांकडून आली तर त्यांचं कमिशन ६३ हजार, धुलाई-वीज-पेट्रोल १ लाख २० हजार आणि पावसानंतरची दुरुस्ती १ लाख. मातीच्या भिंतींना दरवर्षी लिंपण लागतं. ठाणे जिल्ह्याचा पाऊस खाल्लेली भिंत तशीच सोडता येत नाही. उरतात ७७ हजार, तेही ४८ लाख घालून. कळव्याचा फ्लॅट काही न करता वर्षाला १ लाख ६८ हजार देतोय.

दोन खोल्यांचा हिशेब वेगळा आहे. पासष्ट टक्के भरणा धरून ४ लाख ५५ हजार येतील. राखणदार जोडपं आठवड्यातले तीनच दिवस लागेल, त्यांना महिना १२ हजार. बुकिंग ओळखीतून आणि फोनवर घेतली तर कमिशन नाही. जेवण, धुलाई, दुरुस्ती धरून एकूण खर्च साधारण ३ लाख ६० हजार. हातात ९५ हजार. चार खोल्यांपेक्षा जास्त, आणि भांडवल तिसऱ्या हिश्श्याहून कमी. मात्र हे १४ लाख ठेवीत टाकले असते तरी जवळपास तेवढंच व्याज आलं असतं, आणि त्यासाठी तुम्हाला दर शनिवारी चुलीपाशी उभं राहावं लागलं नसतं. तेव्हा याला पेन्शन समजू नका. ही जमीन पडीक राहणार नाही, घर पडणार नाही, तांदूळ-नाचणी-वरईला थेट गिऱ्हाईक मिळेल, म्हणून हे करायचं. मला ही कारणं पुरेशी वाटतात.

पाण्याचं गणित मी मुद्दाम सविस्तर देतोय. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. गावातल्या बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असताना शेजारच्या कुंपणात विकतचा टँकर रिकामा होत असेल, तर तिथे पर्यावरण जपलं जातंय असं कुणालाच म्हणता येणार नाही. दोन खोल्यांत चार पाहुणे, स्वयंपाक आणि धुणं धरून दिवसाला ८०० लिटर लागेल. विहीर आटल्यापासून पाऊस लागेपर्यंत पाहुण्यांचे पंचवीस दिवस धरले तर २० हजार लिटर. तुमचं कौलारू छप्पर शंभर चौरस मीटर असेल, तर अडीच मीटर पावसात त्यावरून गळती वजा जाता दोन लाख लिटर पाणी वाहून जातं. त्यातलं २५ हजार लिटर फेरोसिमेंटच्या, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट लिंपलेल्या, टाकीत साठवलं की पाहुण्यांचा उन्हाळा निघतो. हा खर्च १४ लाखांत सगळ्यात आधी धरा. पूल मात्र आठ बाय चार मीटरचा आणि सव्वा मीटर खोल म्हटला तरी एकदा भरायला ४० हजार लिटर घेतो, म्हणजे दोन खोल्यांच्या दोन उन्हाळ्यांचं पाणी. तो नकाशातून काढा. न्हाणीचं पाणी केळी-अळूकडे वळवा, शोषखड्डा विहिरीपासून लांब घ्या.

सोलरसाठी तुम्ही पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर योजनेचे ७८ हजार धरलेत. ते अनुदान घरगुती जोडणीला आहे, पाहुण्यांच्या व्यवसायाला नाही. तो आकडा खोडा.

कराचं थोडक्यात. स्वतःच्या भाताचं उत्पन्न शेतीचं, करमुक्त. खोलीचं भाडं हे व्यवसायाचं उत्पन्न, त्यावर कर आहे. दोन वह्या वेगळ्या ठेवा. जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. आणि फ्लॅट विकलाच, तर त्याच्या नफ्यावरची सवलत राहत्या घरात पैसे गुंतवल्यावर मिळते. पाहुण्यांच्या कॉटेजवर ती मिळेल असं धरू नका.

मग ६२ लाखांचं काय? यजमानांना साठ पूर्ण नसली तरी निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतात. कमाल मर्यादा ३० लाख ठेवा. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० येतील, म्हणजे महिना २०,५००. पीएफची पेन्शन ४,५०० आणि कळव्याचं भाडं १४ हजार मिळून ३९ हजार. घरखर्च तुम्ही ५५ हजार लिहिलाय. वरचे १६ हजार दोन वर्षं तुमच्या पगारातून भागतील, नंतर तुमच्या पीएफमधून. यात फ्लॅट विकून भाडं गेलं तर खड्डा दुप्पट होतो आणि घर तारण ठेवलं तर हप्ता भरायला पैसेच नाहीत. उरलेल्या ३२ लाखांत ६ लाख आजारपणासाठी बँकेत, १४ लाख शेतावर आणि १२ लाख महागाईला पुरून उरावेत म्हणून दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीत.

दोन्ही खोल्या एकदम काढू नका. पहिल्या वर्षी एकच खोली, टाकी आणि संडास-न्हाणी. आसनगावला लोकलने उतरून येणाऱ्या पाहुण्याला दरात सूट द्या. गाड्या कमी येतील आणि गावातल्या रिक्षावाल्याला भाडं मिळेल. यंदाच्या मार्चपासून जूनपर्यंत दर रविवारी विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी वहीत लिहा. ती वही आणि भावंडांच्या सहीचा कागद हातात आला की मला पुन्हा लिहा. दुसऱ्या खोलीचं अंदाजपत्रक तेव्हा एकत्र तपासू.