बोलणं सगळ्यांशी, पण सांगायचं कोणाला?

"ऑफिसात सगळ्यांशी बोलणं आहे मॅडम, पण मनातलं सांगू कोणाले?" गोंदियाहून नोकरीसाठी नागपुरात आलेल्या चोवीस वर्षांच्या मुलीनं समुपदेशनाला आल्यावर मला विचारलेला हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नोकरी मिहान या उद्योग-वसाहतीत, खोली जयप्रकाश नगरजवळ, रूममेट रात्रपाळीची. पगार बरा, आईचा रोज फोन. तरी रविवारची संध्याकाळ झाली की रडू यायचं. आपल्यातच काही कमी आहे, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

कमी तिच्यात नव्हती. २०२५ च्या जागतिक आनंद अहवालानुसार २०२३ साली जगभरातल्या १९ टक्के तरुणांनी अडचणीत आधाराला कोणी नसल्याचं सांगितलं. २००६ च्या मानाने हे प्रमाण ३९ टक्क्यांनी वाढलेलं आहे. कॉलेजात एकच बाक, एकच बस, एकच टपरी. सहवासाचे तास आपोआप साठतात. नोकरी लागली की ते थांबतं आणि आपल्याला वाटतं, माणसं बदलली. जेफ्री हॉल या अमेरिकी प्राध्यापकांच्या २०१८ च्या अभ्यासात ओळखीचा साधा मित्र व्हायला सुमारे ५० तास लागले, जिवलग व्हायला २०० हून जास्त. आठवड्याला दोन तास धरले तर पन्नास व्हायलाच सहा महिने जातात. मुलं तीन आठवड्यांत हात टेकतात.

तिच्या फोनमधली नावं तीन रकान्यांत लिहून घेतली: रात्री दोनला फोन करता येईल असे, महिन्यातून एकदा तरी भेटणारे, आणि नुसते तोंडओळखीचे. पहिल्यात फक्त आई. तिसरा रकाना भरून वाहत होता. मेस चालवणाऱ्या काकू आणि रोज खापरीपर्यंत त्याच मेट्रोनं जाणारी मुलगीही त्यात होती. सुरुवात तिथूनच करायची. पहिला रकाना थेट भरायला गेलं की फसतं. तिनं तेच केलं होतं: एका सहकारी मुलीला रात्री एक वाजता भलामोठा मेसेज. समोरची गांगरली, दोन दिवस उत्तर नाही, आणि हिनं निष्कर्ष काढला की भरवशाचं कोणीच नसतं.

भरवसा लहान मागण्यांवर वाढतो. म्हणून आठवड्याला एक लहान मदत मागायची आणि एक करायची. चार्जर, पार्सल घेऊन ठेवणं, दवाखान्यात सोबत. मागण्याआधी वहीत अंदाज लिहायचा, नंतर खरं काय झालं ते. तिच्या वहीतली एक ओळ अशी: 'ताप आला असताना काकूंकडे मऊ भात मागणं. अंदाज: कटकट करतील. झालं: भात, वरून लिंबाचं लोणचं, संध्याकाळी फोन.' अशा पाच-सहा ओळी झाल्या की आपला अंदाज कुठल्या बाजूला चुकतो ते माणसाला स्वतःलाच दिसतं. समुपदेशकानं कितीही समजावलं तरी ते काम होत नाही.

बोलावण्याची भाषाही बदलली. 'भेटू ना कधीतरी' याला कोणी नाही म्हणत नाही आणि कोणी येतही नाही. त्याऐवजी: 'शनिवारी साडेआठला स्टेशनखाली, तर्री पोहे. येतेस का?' वार आणि वेळ तीच ठेवायची, म्हणजे दर वेळी नव्यानं विचारायचा संकोच राहत नाही. दोनदा नकार आला तर महिनाभर थांबून दुसऱ्याला विचारायचं. नकाराचं कारण बहुतेक वेळा गावाला जाणं किंवा झोप असतं.

मात्र उदासी दोन आठवडे सलग टिकली, झोप-भूक बिघडली तर वही पुरत नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबायचं नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

चार महिन्यांनी तिच्या पहिल्या रकान्यात आईखाली मेट्रोतल्या मुलीचं नाव आलं. रूममेटशी मात्र गट्टी जमली नाही. भाडं आणि सिलिंडर यापलीकडे दोघींचं बोलणं जात नाही, आणि आता त्याचं तिला काही वाटत नाही.