जुने स्पीकर बदलावेत की दुरुस्त करावेत?

प्रश्न : वडिलांनी १९९१ साली घेतलेले दोन मोठे लाकडी स्पीकर आम्ही अजून वापरतो. हल्ली एका स्पीकरमधून तबल्याचा डग्गा फाटल्यासारखा वाजतो. आता नवी जोडी घ्यावी का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : घाई करू नये, असे मला मनापासून वाटते. प्रथम अँप्लिफायर बंद करून त्याच्या मागील डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करावी; दोष दुसऱ्या स्पीकरकडे गेला, तर तो अँप्लिफायरमध्ये किंवा त्याच्या आधीच्या उपकरणात आहे. दोष जागीच राहिला, तर जाळी काढून कागदी कोनाभोवतीची (आवाजासाठी हलणाऱ्या शंकूभोवतीची) कड तपासावी. ती फोमची असल्यास, विशेषतः कोकणाच्या दमट हवेत, पंधरा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो, कोन मध्यावरून सरकतो आणि खर्जाचा आवाज फाटतो. ही कड जाणकार कारागिराकडून नवी बसवून घेता येते. मात्र दोन्ही स्पीकरचे काम एकाच वेळी करून घ्यावे, म्हणजे आवाजात फरक राहत नाही. त्याच वेळी क्रॉसओव्हरमधील (उंच आणि खर्जाचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटमधील) जुने कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भागही तपासून घ्यावेत, कारण ते काळाने सुकतात आणि तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणकार) मंदावते.

व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) जळलेली असेल आणि जुळणारा भाग मिळत नसेल, तरच नवी जोडी घ्यावी. अँप्लिफायर किमान ८ ओहमसाठी (ओहम हे विद्युतरोधाचे एकक) असेल, तर त्याला ४ ओहमचे स्पीकर जोडू नयेत. विद्युतप्रवाह जवळपास दुप्पट होऊन अँप्लिफायर तापतो.