१६ वर्षांच्या मुलाने सैनिकी महाविद्यालयाच्या तयारीसाठी वजनं उचलावीत का?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: मुलगा १६ वर्षांचा, दोन वर्षांनी त्याला सैनिकी महाविद्यालयाच्या निवडीला बसायचंय. जिमला जाऊ दे म्हणून तो मागे लागलाय. घरातली मोठी माणसं म्हणतात वजनं उचलली की उंची खुंटते. मग त्याने जिमला जावं, की पळणं आणि जोर-बैठका पुरेत? आणि आठवड्यातून किती दिवस? शेवटी जाता जाता तुम्ही एक ओळ टाकली आहे, 'दोन आठवडे नडगी दुखतेय म्हणतो, पण रोज पळतो म्हणजे तेवढं चालायचंच.'

त्या शेवटच्या ओळीमुळे मी लिहायला बसलो.

जिमला जावं. उंची खुंटत नाही. आणि नडगीचं म्हणाल तर उद्यापासून पळणं बंद आणि डॉक्टरांकडे जा, बाकीचं सगळं नंतर. आता कारण सांगतो. ते लांबेल.

१९९७ साली मी १८ वर्षांचा होतो. लेखी परीक्षा पास झालो आणि शारीरिक चाचणीचं पत्र आलं. हातात दहा आठवडे होते. माझा दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. शाळा-कॉलेजात लांब पल्ल्याच्या शर्यती जिंकलेला, त्यामुळे व्यायामाच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा. त्याचं मत ठाम होतं की फौजेत दम लागतो, वजनं हा आरशासमोर उभं राहणाऱ्यांचा उद्योग. वजनाने पोरं जड होतात, उंची थांबते आणि पळताना मागे पडतात. एका मित्राने मला त्याचे डंबेल वापरायला दिले होते. दादाने ते त्याच दिवशी परत करायला लावले.

माझं वजन तेव्हा ५२ किलो. पायाच्या काड्या, पाठीत काही नाही. दादाने वेळापत्रक आखलं. पहिल्या आठवड्यात रोज ३ किलोमीटर, तिसऱ्यात ८, पाचव्यात १२. सगळं डांबरी रस्त्यावर, आणि सुट्टी एकही दिवस नाही. मला ते आवडत होतं हेही खरं. दम झपाट्याने वाढत होता, दर आठवड्याला वेळ कमी होत होती, आणि दादा घड्याळ बघून मान हलवायचा तेव्हा छाती फुगायची.

चौथ्या आठवड्यात डावी नडगी दुखू लागली. आधी पळायला सुरुवात केली की दुखायची आणि अंग गरम झालं की थांबायची. मग थांबेनाशी झाली. मग रात्री झोपेतही ठणकायला लागली. दुखणं नडगीच्या आतल्या कडेला एकाच जागी होतं, बोटाने दाबलं की जीव जायचा. दादा म्हणाला, नडगी सगळ्यांचीच दुखते, पळूनच जाते. मी अंगावर काढलं. सहाव्या आठवड्यात आईने हट्ट धरला म्हणून एक्स-रे काढला. स्वच्छ. दादाने तो फोटो खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला, 'बघ, कुठे काय आहे?' त्या रात्री मलाही वाटलं की मी उगाच कुरकुरतोय.

आणखी नऊ दिवस पळलो. दहाव्या दिवशी एका वळणावर डावा पाय टेकला आणि खाली बसलो तो उठता येईना. काही दिवसांनी दुसरा एक्स-रे निघाला. त्यात हाडाभोवती नव्या हाडाचा पांढरा थर दिसत होता आणि मध्ये तडा. चाचणीच्या दिवशी मी कुबड्या घेऊन घरात होतो. पुढच्या वर्षी वयाची अट ओलांडली.

इथवर मी सोसलं असतं. पण घरात चार माणसं जमली आणि विषय निघाला की दादा आजही म्हणतो, 'याने ऐन वेळी कच खाल्ली.' दुसरा एक्स-रे त्याने कधी हातात घेतला नाही. तो माझ्या कपाटात आहे.

ताई, तुमच्या मुलाला हे होऊ नये म्हणून हाडाचा हिशेब नीट समजून घ्या. हाड जिवंत असतं. त्याच्यावर रोज नवा भार पडू लागला की शरीर आधी तिथलं जुनं हाड काढून टाकतं आणि मग मजबूत हाड भरतं. काढायचं काम काही आठवड्यांत होतं, भरायला महिने लागतात. त्यामुळे पळणं एकदम वाढवलं तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास हाड सुरुवातीपेक्षाही कच्चं असतं. दम मात्र तोवर वाढलेला असतो, म्हणून पोरगं नेमकं त्याच दिवसांत जास्त पळतं. त्यात पोटऱ्या आणि मांड्या अशक्त असतील तर त्या लवकर थकतात, आणि जमिनीचा जो धक्का स्नायूंनी झेलायचा तो थेट हाडावर जातो. मी ५२ किलोचा होतो आणि मला एकही बैठक वजन घेऊन मारू दिली नव्हती. तडा गेला यात नवल काहीच नाही.

फौजेला हे दुखणं नवं नाही. १८५५ साली प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या एका जर्मन राज्याच्या, सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने लांब कूच करून आलेल्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय नोंदवून ठेवले. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये, आणि त्यानंतर उलगडा झाला की त्या पावलांतली हाडं तडकलेली होती. आजही त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. सुरुवातीच्या आठवड्यांत असा तडा साध्या एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाही, हाड भरू लागल्यावर दिसतो. एमआरआयमध्ये आधी कळतो. म्हणून डॉक्टरांकडे गेलात की 'रोज किती पळतो, कधीपासून वाढवलं, रात्री दुखतं का, एकाच बिंदूवर दुखतं का' हे सगळं सांगा. नडगीच्या लांबच लांब पट्ट्यात दुखत असेल तर ती बहुधा साधी सूज असते, काही दिवस पळणं कमी केलं की उतरते. बोटाच्या पेराएवढ्या जागेत दुखत असेल तर एक्स-रे स्वच्छ आला म्हणून त्याला पुन्हा पळायला सोडू नका.

आता उंचीबद्दल. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक भागाची, पट्टी असते, तिथून हाड वाढतं. साधारण वयाच्या विशीआधी ती बंद होते. त्या पट्टीला इजा होऊ शकते हे खरं. पण ती होते वजन अंगावर पडून, किंवा कुणी शिकवलेलं नसताना झेपत नाही ते डोक्यावर उचलायला जाऊन. पद्धत शिकून, कुणाच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढवलेल्या वजनाने उंची खुंटत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही हेच म्हणणं आहे. आणि भारानेच उंची थांबत असती तर पळण्याने आधी थांबली असती, कारण धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने जोर जमिनीकडून परत येतो, तोही किलोमीटरमागे शेकडो वेळा. वेटलिफ्टर बुटके दिसतात कारण आखूड हातापायांना वजन उचलणं सोपं जातं आणि तेच त्या खेळात टिकतात.

'फौजेला वजनं कशाला' याचंही उत्तर आहे. टप्प्याटप्प्याने वजन वाढवत स्नायू बळकट करायची पद्धत वैद्यकात रुजली तीच मुळी लष्करी इस्पितळातून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातला डॉक्टर थॉमस डिलॉर्म गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांना वजनं उचलायला लावत होता, आणि १९४५ मध्ये त्याने ते लिहून प्रसिद्ध केलं. त्याच सैन्याच्या चाचणीत १९८० पासून जोर, सिट-अप आणि दोन मैल पळणं एवढंच होतं. २०२२ मध्ये जी चाचणी अधिकृत झाली तिच्यात डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन पाठ सरळ ठेवून उचलणं, आलं. कारण उघड आहे. सैनिकाच्या पाठीवरचं ओझं त्याचं वजन बघून कमी होत नाही. २० किलोची पिशवी ८० किलोच्या गड्याला पाव अंग आहे, ५२ किलोच्या पोराला एक तृतीयांशाहून जास्त.

हे सगळं मी दादाला अनेकदा सांगितलं. पटलं नाही. मग दोन वर्षांपूर्वी माझी पुतणी, म्हणजे दादाचीच मुलगी, म्हणाली की तिला सैनिकी महाविद्यालयात जायचंय. वय १५. दादाने लगेच सकाळी रस्त्यावर पळवायला सुरुवात केली. मी पहिल्यांदाच त्याच्याशी आवाज चढवून बोललो. ती माझ्याबरोबर व्यायाम करेल, आणि आठवड्यातून तीनच दिवस पळेल, तेही मातीच्या मैदानावर.

पहिले दोन महिने तिने वजन असं उचललंच नाही म्हणा ना. काठी खांद्यावर घेऊन बैठक, कंबरेतून वाकणं आणि पाठ सरळ ठेवून उठणं. मग छातीशी डंबेल धरून बैठका, मग हलकी डेडलिफ्ट. पुल-अप, म्हणजे बारला लटकून हाताच्या जोरावर हनुवटी वर नेणं, एकही येत नव्हता. बारवर लटकून राहणं, मग स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर नेणं आणि पाच सेकंद मोजत खाली येणं, असं दिवसाला पाच-सहा वेळा. पाचव्या महिन्यात पहिला पुल-अप निघाला, वर्ष संपताना सहा. पोटऱ्यांसाठी पायरीवर टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांवर, नंतर एकेका पायावर. मधल्या काळात वहिनीला मी बाजूला घेऊन सांगितलं होतं की हिची पाळी चुकायला लागली तर खाणं कमी पडतंय असं समजा, हाडं कमजोर व्हायची ती खूण असते, लगेच डॉक्टरांना दाखवा. मुलींच्या घरात हे कुणी बोलत नाही आणि मग पोरी तडा घेऊन घरी बसतात. दोन वर्षांत तिची उंचीही वाढली, सांगायचं राहिलं.

तुमच्या मुलासाठीही साधारण हेच. आठवड्यातून तीन दिवस वजनं, मध्ये एकेक दिवस सोडून. बैठक, डेडलिफ्ट, डोक्यावर ढकलणं, जोर, पुल-अप, आणि दोन्ही हातांत वजन धरून चालणं. बाकी दंड फुगवायच्या यंत्रांकडे त्याने आत्ता बघू नये. आणखी दोन वेळा झालं असतं असं वाटेल तिथे थांबायचं. पद्धत बिघडली की वजन कमी. एकदाच जास्तीत जास्त किती उचलतो हे बघायचा मोह या वयात नको. नडगी बरी झाली की पळणं चालण्यापासून सुरू करा, अंतर अगदी हळू वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. पाठीवर पिशवी घेऊन पळायचं तर नावच नको, चालणंच पुरे आहे. झोप आठ तासांच्या खाली जाऊ देऊ नका. पहाटे चारला उठवून पळवणं आणि रात्री अकरापर्यंत अभ्यास, यात हाड भरायला वेळ कधी मिळणार?

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला टेंगूळ येऊन दुखत असेल तर ते वाढीच्या वयातलं वेगळं दुखणं असतं, त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. तेव्हा उड्या आणि खोल बैठका कमी कराव्या लागतात. मित्रांच्या पैजेवर एका दिवसात शेकडो बैठका मारल्या आणि नंतर लघवी चहासारखी काळपट झाली तर थेट इस्पितळात न्या, त्यात मूत्रपिंडं जाऊ शकतात. दमा किंवा हृदयाचं काही असेल तर माझं काहीच ऐकू नका, आधी डॉक्टर. चाचणीचे निकष प्रत्येक संस्थेचे वेगळे असतात, त्या वर्षीचं सूचनापत्र वाचून शेवटचे तीन-चार महिने त्याप्रमाणे तयारी करा. मी शिक्षक नाही, डॉक्टरही नाही. जिममध्ये पद्धत शिकवणारा माणूस चांगला नसेल तर दुसरी जिम बघा.

तुमच्या घरात 'उंची खुंटते' म्हणणारी मोठी माणसं कोण आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. त्यांचं मुलावर प्रेम आहे हे मला माहीत आहे. दादाचंही माझ्यावर होतं. पण मुलगा दुखतंय म्हणाला की त्याच्यावर विश्वास ठेवायचा, एवढं तुम्ही घरात ठणकावून सांगा.

गेल्या महिन्यात पुतणी मैदानावरून आली तेव्हा दादा दारात उभा होता. त्याने तिला विचारलं, 'नडगी दुखत नाही ना?' ती नाही म्हणाली. मी तिथेच होतो. तो माझ्याशी काही बोलला नाही, पण आत जाऊन वहिनीला म्हणाला, तिला आठवड्याला तीनच दिवस पळू दे.

मुलाला डॉक्टरांनी काय सांगितलं ते इथेच खाली लिहा. मी वाट बघतोय.