जुन्या मॉडेल रेल्वेच्या वाघिणींना (मालडब्यांना) छापील कार्डाच्या बाजू लावल्या, तर मुंबईच्या पावसाळ्यात टिकतील का?

टिकतील, पण प्रिंट लेझरची हवी आणि चिकटवायला पांढरा फेविकॉल नको. साध्या इंकजेटची शाई पाण्यात विरघळते. माझ्या दादरच्या घरी पहिल्याच जुलैत एका वाघिणीवरचे नंबर जांभळट होऊन पसरले. लेझरचा टोनर प्लास्टिकसारखा वितळून कागदावर बसतो, त्याला दमट हवेचं काही वाटत नाही. पांढऱ्या फेविकॉलमधल्या पाण्याने मात्र कार्ड फुगतं आणि वाळताना कडा पापडासारख्या वर येतात. त्यापेक्षा फेवीबाँड (रबरी गोंद) कार्ड आणि वाघीण दोन्हींवर पातळ लावा, हाताला चिकटेनासा झाला की दाबा. एकदा टेकवलं की सरकत नाही, म्हणून आधी कोरडं लावून बघा.

कार्ड २०० ते २५० जीएसएमचं (चौरस मीटरमागे ग्रॅम, म्हणजे कागदाची जाडी) पुरे. कापण्याआधी मॅट वार्निशचे दोन हलके हात फवारा, आणि कापल्यावर दिसणारी पांढरी कड त्याच रंगाच्या स्केचपेनने रंगवा. या एका कामाने खेळणं आणि मॉडेल यातला फरक दिसतो. छापताना ‘फिट टु पेज’ बंद, शंभर टक्केच. ओओ (१:७६) आणि एचओ (१:८७) या मॉडेलच्या दोन प्रमाणांत डब्यांची मापं वेगळी, पण दोन्हींच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमीच असतं, त्यामुळे माप रुळावरून न घेता डब्यावरून घ्या.

फक्त वाघीण जुनी, पत्र्यावरच मूळ छपाई असलेली असेल तर तिच्यावर काही चिकटवू नका. रंग उडालेला असला तरी संग्राहक तीच मागतात.