डॉक्टर कमी आहेत म्हणतात, मग फॅमिली मेडिसिनला (एमबीबीएसनंतर फॅमिली डॉक्टरकीचंच खास शिक्षण) डॉक्टर निवडतात तरी कसे?

रँकवर. एमबीबीएसनंतरची प्रवेश परीक्षा नीट पीजी, २०० प्रश्न, साडेतीन तास, बरोबरला चार, चुकलं की एक वजा. रेडिओलॉजी असो की फॅमिली मेडिसिन, चाळणी एकच. जागा रिकाम्या राहिल्या की चाळणीही काढून टाकतात. २०२३ मध्ये कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणला होता.

मी डीएनबी (एमडीसारखीच पदव्युत्तर पदवी) फॅमिली मेडिसिन चॉइस लिस्टमध्ये मुद्दाम वर टाकून घेतलं. आमचे भाऊजी हाडांचे सर्जन. दिवाळीच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, तीन वर्षं घालवून शेवटी जीपीच, साधा जनरल डॉक्टरच ना?"

पुढे सासूबाईंना चक्कर यायला लागली. भाऊजींनी कान-नाक-घसावाल्यांना दाखवलं, न्यूरोला दाखवलं, मेंदूचा एमआरआयसुद्धा केला. सगळं नॉर्मल. मी म्हटलं, आई, गोळ्यांची पिशवी आणा. साडीच्या दुकानाची जुनी कापडी पिशवी पलंगावर उलटी केली. गावच्या डॉक्टरांची बीपीची गोळी, अम्लोडिपिन. शहरातल्यांनी दिलेल्या टेल्मीसार्टनच्या गोळीत परत अम्लोडिपिन. त्याने पाय सुजले, म्हणून तिसऱ्यांनी लघवीची गोळी. बसून बीपी १२८, उभं केलं तर ९६. दोन पट्ट्या बंद केल्या, आठवड्यात चक्कर गेली. भाऊजी म्हणाले, "हे काय, कोणीही बघितलं असतं." बघितलं नव्हतं ना कोणी!

पिशवी उलटी करायचा पेशन्स रँकमध्ये दिसत नाही. इंग्लंडमध्ये जीपी निवडताना खोट्या पेशंटशी बोलायला लावायचे, २०२० पासून तेही बंद. पण तिथल्या संगणक परीक्षेतला एक अख्खा पेपर तरी 'अशा प्रसंगी तुम्ही काय कराल' असा असतो.

माझं मत विचाराल तर पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) दोन-तीन वर्षं काढलेल्या एमओंना, म्हणजे मेडिकल ऑफिसरना, आधी घ्या. तीस हजार वस्तीच्या केंद्रात जो टिकला त्याची परीक्षा होऊन गेलेली असते. (मी स्वतः बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एकच वर्ष काढलंय, हेही सांगून टाकते.) मुलाखत ठेवा असं मात्र म्हणणार नाही. आपल्याकडे मुलाखत म्हणजे वशिला. रँकला निदान आडनाव कळत नाही.

तुम्ही स्वतः फॉर्म भरत असाल आणि 'दुसरं काही मिळत नाही' म्हणून घेत असाल, तर सरळ ड्रॉप घ्या. भाऊजी वाचत असतील तर, आईंना परवा तपासायला आणताना पिशवी विसरू नका.