जुन्या फ्रेंच शाँसाँमध्ये, म्हणजे अनेक आवाजांच्या गाण्यांमध्ये, चार-पाच जण एकदम वेगवेगळं गातात. मग कवितेचा भाव पोचतो कसा?

हाच प्रश्न आमच्या अण्णांनी विचारला होता, पण तुमच्याइतका सभ्यपणे नाही. "एकाने गा, बाकीच्यांनी गप्प बसा," असं म्हणाले होते.

नोकरीमुळे तीन वर्षं पॅरिसला होतो. तिथल्या एका हौशी गायकवृंदात मी खालच्या पट्टीत गायचो. जोस्कँ या संगीतकाराचं 'निम्फ दे ब्वा' बसवत होतो. थोर संगीतकार ओकेगेम 1497 साली गेला, त्याच्यावरचा हा विलाप. चार आवाज फ्रेंच कविता गातात आणि पाचवा मधूनच मृतांसाठीची लॅटिन प्रार्थना लांब स्वरांत ओढत राहतो. रेकॉर्डिंग मोठ्या हौसेने अण्णांना पाठवलं. अण्णा मराठीचे निवृत्त मास्तर, नाट्यसंगीतावर वाढलेले. अभिप्राय आला: "एकाच्या गाण्यात दुसऱ्याचं कीर्तन घुसलंय." मी म्हटलं, अहो, शोक दाखवायला सगळी स्वरचिन्हं काळी भरून लिहिलीत. तर म्हणतात, "काळं ऐकू येतं का?"

यावर काय बोलणार? पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं! उत्तरार्धात लॅटिन आवाज थांबतो, गुंता सुटतो आणि चौघं अक्षराला अक्षर जुळवून हाका मारतात: शोकाचे कपडे चढवा, जोस्कँ, पियेर्साँ, ब्रुमेल, काँपेर. हे सगळे त्या काळचे संगीतकार. कवी मोलिनेने जोस्कँचंच नाव कवितेत घातलं आणि त्याला चाल जोस्कँनेच लावली. एवढं ज्याला ऐकू येत नाही तो बहिरा, असं मी बोलून गेलो. दोन महिने अबोला.

तर, शब्द कधी बुडवायचा आणि कधी वर काढायचा हे संगीतकार ठरवतो. सेर्मिसी या संगीतकाराचं 'ताँ क विव्रे' घ्या. कविता मारोची, 1528 साली आतेन्याँ या मुद्रकाने पॅरिसला छापलेलं. बहुतेक सगळे एकदमच अक्षर टाकतात, शब्द लख्ख. पुढे 1570 साली बाईफ या कवीने काव्य-संगीताची अकादमी काढली आणि फ्रेंच कवितेला ग्रीक-लॅटिन वृत्तांत बसवायला घेतलं. चाल लावताना लघूला एक मात्रा, गुरूला दोन, सगळ्या आवाजांना एकच ठेका. त्याच पद्धतीचं, संगीतकार क्लोद ल जनचं वसंताचं गाणं, 'रव्सी व्निर द्यु प्रँताँ', अण्णांना टाळ्या देऊन दाखवलं: ल ल गा ल गा ल गा गा. बोटं आपोआप हलायला लागली त्यांची. मग म्हणाले, "यात आम्हाला नवीन काय?"

हां, संगीतकार जानकँच्या लढाईच्या गाण्यात मात्र उत्तरार्धात अर्थ शोधत बसू नका, तिथे बहुतेक तोफांचे न् तुताऱ्यांचे बोलच आहेत. आणि घुमणाऱ्या चर्चमध्ये ऐकलंत तर अण्णांचंच खरं वाटेल. यातली कितीतरी गाणी लोक घरी, टेबलाभोवती बसून स्वतःसाठी गायचे. गाणाऱ्याला शब्द ऐकू येतातच. तुम्ही कविता हातात धरून ऐका.

अण्णांना त्या उत्तरार्धाची लिंक तीनदा पाठवली आहे. निळी खूण आलेली आहे, उत्तर नाही.