वाचकांचे प्रश्न : कागदाचा बैल पोळ्यापर्यंत टिकावा म्हणून

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातील एका गावात अंगणवाडी सेविका आहे. गेल्या वर्षी पोळ्यासाठी ३ ते ६ वर्षांच्या २२ मुलांना सोबत घेऊन जुन्या वर्तमानपत्रांचा मोठा बैल केला. चौथ्याच दिवशी त्याचे पाय वाकले, पोटाला बुरशी आली आणि वास येऊ लागल्यामुळे तो सणाआधीच बाहेर काढावा लागला. मुले फार हिरमुसली. नेमके काय चुकले, आणि यंदा कोणती कामे मुलांकडे द्यावीत?

उत्तर : ताई, तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे. आपल्याकडे पोळा श्रावणी अमावास्येला, म्हणजे हवेत भरपूर ओल असताना येतो. अशा दिवसांत एकावर एक चार-पाच थर घाईने चढवले, की वरचा कागद हाताला कोरडा लागतो, पण आतला पुठ्ठा ओलाच राहतो. आणि तोच पुठ्ठा सगळा भार पेलत असल्यामुळे पाय वाकतात व पोट आतून कुजू लागते. म्हणून सणाच्या किमान तीन आठवडे आधी सुरुवात करा आणि एका दिवशी एकच थर द्या. थर वाळला की नाही हे पाहण्यासाठी हाताची मागची बाजू त्यावर टेकवा. गार लागले तर आत अजून ओल आहे असे समजून एक दिवस थांबा. पोटाखाली तळहाताएवढे भोक ठेवले, तर हवा आतून खेळती राहते.

सांगाडा मोठ्यांनीच करावा. धडासाठी किराणा दुकानातले रिकामे खोके घ्या. पायांसाठी तीन-चार तुराट्या एकत्र करून त्यांवर वर्तमानपत्राची घट्ट सुरळी गुंडाळा आणि सुतळीने आवळा. तुराट्यांची टोके आधी बोथट करायला विसरू नका. चारही पाय जाड पुठ्ठ्याच्या एकाच पाटावर बांधले, तर तीन फूट उंचीचा बैलही डगमगत नाही. वशिंडासाठी चुरगळलेल्या कागदाचा गोळा पुरतो.

खळीसाठी एक वाटी बारीक चाळलेली कणीक किंवा मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यावा, मग एकूण पाच वाट्या पाणी होईल इतके पाणी घालून मंद आचेवर घट्टसर शिजवावा आणि पूर्ण निवल्यावरच मुलांपुढे ठेवावा. खळ रोज ताजी करा. बुरशी येऊ नये म्हणून तीत मोरचूद घालण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नका. मोरचूद विषारी आहे आणि या वयाची मुले हात तोंडात घालतातच. छपाईची शाई हाताला लागते, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ देऊ नये.

फाडणे, बुडवणे आणि चिकटवणे ही तिन्ही कामे मुलांची. कात्री देऊच नका, कारण फाटलेल्या कडा एकमेकींत मिसळतात, तर कापलेली कड वाळल्यावर उचकटते. वर्तमानपत्र उभे धरून वरून खाली फाडले, तर पट्टी बहुतेक वेळा सरळ निघते. आडवे फाडले तर वेडीवाकडी जाते. हा फरक मुलांना स्वतः शोधू द्या, त्यात त्यांचा अर्धा तास सहज रमून जातो. पहिला थर वर्तमानपत्राचा आणि दुसरा जुन्या वह्यांच्या पांढऱ्या कागदाचा ठेवला, तर कोठे कागद लागला आणि कोठे राहिला हे तीन वर्षांच्या मुलालाही दिसते. वहीच्या टाचण्या आधीच काढा. गुळगुळीत, चकचकीत कागद मात्र खळ शोषत नाही, तो टाळावा. एका वेळी पाच-सहा मुलेच बैलाभोवती असावीत. आणि माझी एक कळकळीची विनंती आहे : मुले गेल्यावर त्यांच्या सुरकुत्या आपण सरळ करत बसू नये. दुसऱ्या दिवशी मूल आपण लावलेली पट्टी शोधत येते.

रंगासाठी लांब जायला नको. लाल कंधारी ही तुमच्याच जिल्ह्याची जात. शेवटच्या थराच्या खळीत गेरू कालवला, तर तसाच गडद तांबडा रंग येतो. देवणी करायचा असेल, तर पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला ‘शेवेरा’ मुलांना सोपा जातो, कारण ठिपका कोठेही पडला तरी तो चुकत नाही.

प्रश्न : माझी चार वर्षांची मुलगी खळीत हात घालायला तयार होत नाही. तिला आग्रह करावा का? (एक पालक, परभणी)

उत्तर : आग्रह करू नका. काही मुलांना चिकट स्पर्श खरोखरच सहन होत नाही. तिला पट्ट्या फाडून टोपलीत भरू द्या, हवे तर खळ लावायला ब्रश द्या. बैल पूर्ण वाळल्यावर शिंगांना गोंडे बांधण्याचे काम तिच्यासाठी राखून ठेवा, आणि तसे तिला आजच सांगा.